आपलें ओझें व सोबत्याचें ओझें

पाठीवर पिशवी टाकून बसमधून केलेली सांघिक सहल सर्वस्वीं सुखाची नसते. खिडकीसाठीं तंटे होतात, घाटांत कोणास ओकारी होते, एकाच्या विलंबानें सर्वांचा खोळंबा होतो. म्हणून कांहीं पालक मुलांस निराळ्या मोटारीनें पाठवूं इच्छितात. कांहीं पिशवींत सारें घर भरून देतात. दोन्ही गोष्टी आम्हांस अहितकारक वाटतात.

अजिंठ्याचेंच उदाहरण घ्या. बाहेरच्या गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात. पुढील सुमारें ४ किलोमीटर दुसऱ्या बसनें जाऊन, पायऱ्या चढून, नालाकृति कड्यांतील ३० लेणीं पाहावयाचीं असतात. तेथें जड पिशवी आपल्या धन्यास तत्काळ शहाणें करते. अनावश्यक तें घरीं ठेवावें, हा धडा फळ्यावर लिहून पटत नाहीं.

परंतु ज्याचा पाय मुरगळला त्याची पिशवी कोणी घ्यावी? सोबती असतात ते याचसाठीं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत संत पौलानें स्वतःचा भार वाहणें व एकमेकांचीं ओझीं वाहणें हीं दोन्ही कर्तव्यें सांगितलीं आहेत. सहलींत तीं एकाच दिवशीं शिकतां येतात.

तेव्हां पालकहो, मुलांची पिशवी मुलांसच भरूं द्या. आणि ज्या सोबत्याच्या घरीं सहलीची वर्गणी देण्याचें सामर्थ्य नाहीं, त्याचा भार आपण सर्वांनीं मुकाट्यानें वाटून घ्यावा. केवळ पैशाअभावीं एकहि मूल मागें राहूं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.