पेट्या वाटल्या, आता मध काढायचा कशाने?

मंडळी, मधपेट्या वाटपाचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. पाहुणे, हार, रांगेत मांडलेल्या पेट्या. योजना चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' जाहीर झालं, तेव्हापासून आपल्या डोंगरपट्ट्यातल्या गावांनाही वाटायला लागलंय की हे आपल्यालाही जमेल. पण पेटीत मध भरल्यावर पुढे काय, हे त्या फोटोत कुठेच नसतं.

पुढे लागतं मधयंत्र. चौकटीवरची मेणाची झाकणं सुरीने काढायची, चौकटी यंत्राच्या पिंजऱ्यात लावायच्या आणि हँडल फिरवायचं. मध बाहेर फेकला जातो, पोळं शाबूत राहतं आणि परत पेटीत जातं. यंत्र नसेल तर पोळं कापून पिळा. मग माश्यांनी सगळं पोळं नव्याने बांधायचं. एक किलो मेण करायला त्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असा मधपाळांचा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे पिळलेल्या पोळ्याचं बिल पुढच्या मधातून वसूल होतं.

'गावात एक यंत्र दिलंय की', असं उत्तर मिळतं. दिलंय, खरंय. पण जांभूळ फुलतो तो सगळ्यांच्या पेट्यांसाठी एकदमच. यंत्र एक, घरं पंधरा. तुमचा नंबर लवकर लागला तर मध कच्चा, झाकणं अजून बसलेली नसतात. त्यात पाणी २० टक्क्यांच्या वर असलं की मध आंबतो, फेस येतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. उशिरा लागला तर डोक्यावर पाऊस. मध कधी काढायचा हे माशीने ठरवायचं, तर ते इथे यंत्राची पाळी ठरवते.

म्हणून आपल्याच तालुक्यातल्या एका मधपाळाने आणि त्याच्या वेल्डर मेव्हण्याने जे केलंय ते सांगतो. मंगल कार्यालयाच्या भंगारातली स्टीलची टाकी, नळाजवळ गळणारी. बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम कापून, त्याच्या भोकांच्या पत्र्याचा चार चौकटींचा पिंजरा. सायकलचं ४४ दात्यांचं पुढचं चक्र आडवं बसवून त्याला हँडल, साखळी पिंजऱ्याच्या दांड्यावरच्या १८ दात्यांच्या फ्रीव्हीलला. हँडलच्या एका फेऱ्यात पिंजरा जवळपास अडीच वेळा फिरतो, आणि हात थांबला तरी फ्रीव्हीलमुळे फिरत राहतो. आधी हळू, मग चौकट उलटी करून दुसरी बाजू पूर्ण, मग पुन्हा पहिली. सुरुवातीलाच जोर लावला तर आतल्या बाजूच्या मधाच्या वजनाने पोळं फुटतं. हे त्या दोघांना दोन पोळी फुटल्यावर कळलं!

खर्च? ते म्हणतात, जास्त पैसे आर्गॉन वेल्डिंगला गेले. साधं वेल्डिंग गंजतं, म्हणून तिथे काटकसर केली नाही.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, नाहीतर उद्या कुणीतरी फवारणीच्या औषधाचा ड्रम धुऊन वापरेल. मध आम्लधर्मी असतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, रंगवलेलं लोखंड, रसायनांचे डबे हे मधाजवळ नकोच. वॉशिंग मशीनचं बाहेरचं प्लास्टिकचं टबसुद्धा नको, त्यात साबण मुरलेला असतो. साखळी आणि ग्रीस झाकणाच्या वर, खाली थेंबही पडता कामा नये. या जोडीने खाली बेअरिंगच ठेवलं नाही, दांड्याचं टोक स्टीलच्या वाटीत फिरतं.

एका साहेबांना हे यंत्र दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, 'याला मार्क कुठे आहे?' साहेब, १८६५ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यातून निवृत्त झालेल्या ह्रुश्का नावाच्या अधिकाऱ्याने ब्रनो शहरात पहिलं मधयंत्र दाखवलं, तेव्हा त्यालाही मार्क नव्हता. तपासणी करायची तर जरूर करा: पत्रा कोणता, सांधे कसे, ग्रीस कुठे. ते एका दुपारचं काम आहे.

माझं म्हणणं एवढंच, की वाडीला एक असं यंत्र हवं आणि ते इथेच व्हायला हवं. आयटीआयमध्ये फिटर आणि वेल्डरची मुलं लोखंडाचे तुकडे कापून जोडण्याचा सराव करतात. त्याच हातांना चार यंत्रांचं काम द्या, स्टीलचे पैसे पेटीच्या योजनेतूनच द्या. बिघडलं तर दुरुस्त करणारा गावातच असेल. आज सरकारी यंत्राचा गिअर तुटला तर हंगाम संपतो, सुटा भाग येत नाही.

जांभळाचा मध निघायला फार दिवस नाहीत. वरच्या वाडीसाठी दुसरं यंत्र करायला हे दोघं तयार आहेत, टाकी मिळेना. कुणाच्या हॉटेलात किंवा कार्यालयात अन्नासाठीच वापरलेली जुनी स्टीलची टाकी पडून असेल, तर इनबॉक्स करा. गळकी असली तरी चालेल.