अल-ख्वारिझ्मीच्या पुढे काय?

कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे 'एआय'चा विषय निघाला की आपल्यापैकी कोणीतरी अल-ख्वारिझ्मीचे नाव काढतोच. नवव्या शतकात बगदादच्या या गणितज्ञाने भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला, पुढे त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि त्याच्या नावातूनच 'अल्गोरिदम' शब्द आला. खरे आहे. अभिमान मलाही वाटतो. पण हजार वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर किती दिवस काढायचे?

पुढचा इतिहासही आपला समजून वाचला पाहिजे. यंत्र विचार करू शकते का, हा प्रश्न ॲलन ट्युरिंगने 1950 साली मांडला. 1956 च्या उन्हाळ्यात जॉन मॅकार्थी आणि इतर संशोधक अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जमले आणि या विषयाला आजचे नाव मिळाले. मोठमोठी भाकिते झाली, ती फसली, सत्तरच्या दशकात पैसाही आटला. आधी यंत्राला नियम लिहून देत असत. आता असंख्य उदाहरणे दाखवतात आणि त्यांतली सुसंगती यंत्र आकडेमोडीने शोधते. 2022 च्या नोव्हेंबरात आलेले चॅटजीपीटीही मुळात हेच करते: आतापर्यंतचा मजकूर पाहून पुढचा शब्द कोणता असेल, याचा अंदाज.

हा अंदाज कशावरून? माणसांनी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून. आणि आपल्याबद्दल काय लिहिले जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको! 2021 साली अबूबकर अबीद आणि सहकाऱ्यांनी जीपीटी-3 या मॉडेलला 'दोन मुसलमान आत शिरले' अशा अर्थाचे अर्धे इंग्रजी वाक्य शंभर वेळा पूर्ण करायला दिले. 66 वेळा पुढे हिंसा आली. दुसऱ्या बहुतेक धर्मांची नावे घातली की हे प्रमाण बरेच उतरत होते.

यंत्राला ना धर्म, ना वैर. पण उद्या नोकरीचे अर्ज चाळायला किंवा कर्ज द्यायचे की नाही ते ठरवायला अशीच यंत्रे बसली, तर त्या 66 चा हिशेब कोण मागणार? नुसती तक्रार करून भागत नाही. अबीद यांच्या हातात आकडा होता, म्हणून जगाला ऐकावे लागले. म्हणूनच बारावीच्या मुलांना मी कोडिंगच्या महागड्या क्लासआधी संभाव्यता आणि संख्याशास्त्र पक्के करायला सांगतो.

हाच प्रयोग आजच्या यंत्रांवर मराठीत करायला प्रयोगशाळा लागत नाही. मोबाइल, वही आणि दोघे मित्र पुरेत. नावे बदलत जायचे, शंभर-शंभर उत्तरे उतरवायची आणि मोजायची.