कार्बनची सायकल आणि साठीनंतरचे गुडघे

गेल्या काही वर्षांत आमच्या उपनगरी दवाखान्यांत एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. रक्तदाब मोजून होतो, गोळ्यांची चिठ्ठी लिहून होते आणि मग वडिलांसोबत आलेला मुलगा विचारतो, "डॉक्टर, बाबांसाठी माउंटन बाइक घेतो आहे. कार्बन फ्रेमची. महाग आहे, पण अगदी हलकी असते म्हणे. घेऊ ना?" वडिलांचे डोळे 'हो म्हणा' असे सांगत असतात आणि आईच्या चेहऱ्यावर 'नाही म्हणा' असे स्पष्ट लिहिलेले असते.

सायकलीला माझा विरोध नाही. चालताना वा धावताना गुडघ्यांवर येणारा भार सायकलीवर बराच हलका होतो, मांडीचे स्नायू बळकट होतात, हृदयाला व्यायाम मिळतो आणि मनाला मोकळी हवा. पासष्टीपुढील व्यक्तींनीही आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातला मोठा वाटा सायकल आनंदाने उचलू शकते. प्रश्न आहे तो कोणती सायकल, हा.

ही सायकल मुळात कोणासाठी?

क्रॉस-कंट्री माउंटन बाइक ही शर्यतीची सायकल आहे. डोंगरातल्या मातीच्या वाटांवर वेगाने चढावे आणि उतरावे, यासाठी ती घडवलेली असते. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून या शर्यतीला तेथे स्थान मिळाले. अशा शर्यतीत काही सेकंदांनी पदक हुकते, म्हणून वजनातला प्रत्येक ग्रॅम मोलाचा ठरतो. कार्बन फ्रेम म्हणजे कार्बनचे बारीक तंतू राळेसारख्या रसायनात घट्ट बसवून केलेला सांगाडा. तो हलका असतो आणि ज्या दिशेने ताण येणार म्हणून तो रचलेला असतो, त्या दिशेने अतिशय मजबूतही असतो.

त्याची खोड निराळी आहे. ॲल्युमिनियमच्या नळीला मार लागला तर बहुधा पोचा दिसतो. कार्बनला दगडाचा वा कठड्याचा आडवा मार बसला, तर वरचा रंग शाबूत राहून आतले थर सुटलेले असू शकतात. स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला तरी फ्रेमला तडा जाऊ शकतो. म्हणून ती सायकल ठरावीक दाबानेच आवळणारा पाना आणि तो वापरणारा जाणता कारागीर मागते. नाक्यावरचा पंक्चरवाला कितीही कुशल असला तरी हे त्याचे काम नव्हे.

दोन किलोंचा हिशेब

आता वजनाकडे वळू. कार्बनची सायकल ११ किलोंची आणि ॲल्युमिनियमची १३ किलोंची आहे असे धरू. चालवणारे गृहस्थ ७० किलोंचे. म्हणजे पायांनी ओढायचे एकूण वजन एकीकडे ८१, तर दुसरीकडे ८३ किलो. फरक अडीच टक्क्यांहूनही कमी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांकडे जाणारा डांबरी चढ चढताना हा फरक शर्यतपटूला कळेल. आपल्याला त्याहून जास्त फरक आदल्या रात्रीच्या झोपेने पडेल.

आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. पुढच्या चाकाचा स्वस्त स्प्रिंगचा शॉकअप स्वतःच दोन किलोंच्या आसपास किंवा त्याहून जड असतो. तो नसलेली, साध्या फोर्कची ॲल्युमिनियमची सायकल घेतली, तर वजनात होणारी बचत बहुधा कार्बन फ्रेममुळे होणाऱ्या बचतीहून अधिक असते, तीही किमतीच्या एका लहानशा भागात. लिंक रोडवरचे खड्डे आणि गतिरोधक सोसायला थोडे रुंद टायर आणि त्यांत योग्य हवा एवढे पुरते.

१९२३ साली आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण आणखी काही साथीदारांसह मुंबईहून सायकलींवर जगप्रवासाला निघाले. हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांच्या सायकली पोलादी होत्या. प्रवास सायकलीच्या वजनापेक्षा स्वाराच्या सवयीवर अधिक अवलंबून असतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले.

वजनाचा खरा त्रास होतो तो सायकल उचलताना. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सायकल नेणे ११ किलोंचीही साठीनंतर धोक्याचेच. त्यावर उपाय म्हणजे सोसायटीत तळमजल्यावर कुलूप लावता येईल अशी जागा मागून घेणे.

पडणे कोठे होते?

माझ्याकडे आलेल्या ज्येष्ठ सायकलस्वारांच्या दुखापती आठवल्या, तर वेगात झालेले अपघात थोडे दिसतात. बहुतेक जण सायकल जवळजवळ थांबलेली असताना पडले: चढताना, उतरताना, सिग्नलपाशी पाय टेकताना. माउंटन बाइकची वरची दांडी ओलांडायला मागून पाय उंच फेकावा लागतो. खुब्याचा सांधा आखडलेला असेल, तर तो पाय सीटला अडकतो आणि माणूस आडवा होतो. उंची फार नसते, पण हाडे ठिसूळ झाली असतील तर खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरते. खुब्याचा अस्थिभंग म्हणजे शस्त्रक्रिया, काही महिने परावलंबन आणि त्यानंतर अनेकांच्या मनात कायमची बसलेली भीती. सायकलीच्या किमतीचा विचार करताना ही किंमत आधी मांडावी.

म्हणूनच साठीनंतर मी दांडी खाली असलेली, जिला आपल्याकडे उगाचच 'लेडीज सायकल' म्हणतात, ती सुचवतो. पुरुषांना संकोच वाटतो. सायकलींचा देश असलेल्या नेदरलँड्समध्ये वयस्कर पुरुष अशा सायकली सर्रास वापरतात, हे त्यांना जरूर सांगावे.

आधी माप, मग किंमत

दुकानात पुढील गोष्टी पाहाव्यात, आणि ज्यांना सायकल चालवायची आहे त्यांना सोबत नेल्याशिवाय खरेदी करू नये.

पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. पायाचा चवडा ठेवला की तो किंचित वाकलेला राहावा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याची पुढची बाजू दुखते, फार वर असेल तर मागची बाजू. नवख्याने पहिले काही आठवडे सीट थोडी खालीच ठेवावी, म्हणजे पाय पटकन टेकतो.

हँडल सीटच्या पातळीत किंवा तिच्याहून वर असावे. शर्यतीच्या सायकलीत ते खाली असते. त्यामुळे मान मागे मोडून समोर पाहावे लागते. मानेच्या मणक्यांची झीज असलेल्यांना त्याने चक्कर वा हाताला मुंग्या येऊ शकतात.

डिस्क ब्रेक घ्यावेत. संधिवाताने बोटे अशक्त झाली असतील तर तेलाच्या दाबावर चालणारे घ्यावेत, ते दोन बोटांनी लागतात. पेडल सपाट आणि रुंद असावे. बुटाला अडकणारे पेडल आपल्यासाठी नाही.

तरीही कार्बनच घ्यायची असेल तर

काही ज्येष्ठ वर्षानुवर्षे सायकल चालवत आले आहेत आणि सुटीच्या दिवशी कर्जत-लोणावळ्याकडच्या मातीच्या वाटांवर जातात. त्यांना ही सायकल आनंद देईल. त्यांनी, आणि घरातल्या तरुणांनीही, पैसे वाजवी लागावेत म्हणून फ्रेमच्या नावावर न भुलता बाकीचे भाग पाहावेत. स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावरचा फोर्क असावा, कारण तो आपल्या वजनानुसार जुळवता येतो. पुढे एकच दातेरी चक्र आणि मागे बारा, अशी गिअरची रचना वापरायला सोपी पडते. भारी फ्रेमला स्वस्त फोर्क आणि सामान्य ब्रेक जोडलेली सायकल घेण्यापेक्षा त्याच पैशांत उत्तम भागांची ॲल्युमिनियमची सायकल केव्हाही सरस.

खर्च खरेदीपाशी संपत नाही. फोर्कची नियमित देखभाल, ट्यूबलेस टायरमधले वाळणारे द्रव, ब्रेकचे तेल हे सारे आलेच. आपल्या दमट, खाऱ्या हवेत कार्बन गंजत नाही, पण त्यातले स्क्रू गंजतात आणि ॲल्युमिनियमची सीटची नळी आत चिकटून बसू शकते. अनोळखी माणसाकडून जुनी कार्बन सायकल स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. ती पूर्वी कशी पडली हे कोणीच सांगत नाही, आणि वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते.

सायकलीपूर्वी दवाखाना

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला लागलेला लहानसा मारही गंभीर ठरू शकतो. हेल्मेट हवेच, आणि मार लागल्यास बाहेर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. इन्सुलिन वा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. हृदयाची गती मंदावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नये. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतकाच श्रम करावा. मोतीबिंदू, चक्कर, प्रोस्टेटची अलीकडची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास आपल्या डॉक्टरांची परवानगी घ्यावी. छातीत दडपण वा अकारण धाप जाणवली, तर सायकल बाजूला ठेवून प्रथम तपासणी. आणि हेही लक्षात ठेवावे की सायकलीने हाडांना बळकटी फारशी येत नाही. चालणे, तोल सांभाळण्याचे आणि स्नायूंचे व्यायाम सोडू नयेत.

घरच्यांना दोन शब्द

वडिलांना सायकल नाकारणे सोपे असते, आणि महागडी आणून देणेही सोपे असते. त्यांच्यासोबत एक सकाळ घालवणे अवघड जाते. माझी विनंती ही की आधी महिनाभर भाड्याची किंवा उसनी सायकल चालवू द्यावी. रहदारी सुरू होण्याआधी, सपाट मोकळ्या जागेत, आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटे. चढणे आणि उतरणे दहा-दहा वेळा करवून घ्यावे. पावसाळ्यात ओल्या पेव्हर ब्लॉकवर सायकल नेऊ देऊ नये. महिन्याअखेरीस गोडी टिकली, तर मापाची सायकल घ्यावी आणि उरलेले पैसे उत्तम हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, आरसा व घंटी यांवर खर्च करावेत.

जी सायकल आठवड्यातून तीनदा बाहेर पडते आणि जिच्यावरून आपले माणूस स्वतःच्या पायांवर सुखरूप उतरते, तीच किफायतशीर. मग ती कार्बनची असो वा पोलादाची.