सूज येण्याची वाट पाहू नका

मधुमेह असलेल्या एका मुलीच्या आईला आम्ही परवा विचारले, "हिची लघवी शेवटची कधी तपासली?" उत्तर आले, "फादर, सूज नाही, लघवी साफ होते. मग कशाला तपासायची?" ही समजूत आमच्या शेतकरी घरांत सर्रास आढळते, आणि तीच घातक आहे.

तळ्याचा बांध एका रात्रीत फुटत नाही. आधी कुठेतरी ओल दिसते. जाणता शेतकरी ती पाहूनच माती टाकतो. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, की त्यातील बारीक गाळणी बिघडते आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत पाझरू लागते. तेव्हा सूज नसते, दुखणे नसते. लघवीच्या नेहमीच्या पट्टीवरही एवढा पाझर बहुधा दिसत नाही. सूज येते तेव्हा बांध खचलेला असतो.

म्हणून मधुमेह होऊन २ ते ५ वर्षे झाली आणि मूल ११ वर्षांचे झाले किंवा वयात येऊ लागले, की दरवर्षी अल्ब्युमिन-क्रिएटिनीन प्रमाणाची तपासणी करावी. सकाळची पहिली लघवी न्यावी. एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. ताप, दमवणारा खेळ किंवा मासिक पाळी यांनीही आकडा वाढतो. म्हणून ३ ते ६ महिन्यांत तीनदा तपासून दोनदा जास्त आला, तरच गळती धरतात. या टप्प्यावर साखर व रक्तदाब ताब्यात ठेवून, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेऊन पाझर रोखता येतो. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. साखर काटेकोर सांभाळणाऱ्यांत अशी गळती ३९ टक्क्यांनी कमी आढळली.

बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा केएलईच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात या तपासणीची चौकशी करावी. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय जवळ पडते.

तंबाखूचे एक पान पिवळे पडले तरी आपण औषधाच्या दुकानी धावतो. मग पोरीच्या आजाराबाबतच गप्प का? लग्न जमणार नाही या भीतीने तो लपवायचा, इन्सुलिन बंद करून झाडपाला द्यायचा, हे आम्हांला मुळीच मान्य नाही. लपविलेला मधुमेह मूत्रपिंडापासून लपत नाही. सुगीचा हिशेब आपण वर्षाला मांडतोच. त्याच आठवड्यात लेकराची बाटली तपासणीला न्या.