आरोग्यचिंतन : बिबळ्याचा पेला

मधुमेही माणूस नाही असे मराठी घर इंदुरात आता शोधावेच लागेल. सकाळी पोहे-जिलबी, दिवसभर बैठे काम आणि रात्री सराफ्यातील फेरफटका, असा आपला दिनक्रम. त्यावर उतारा म्हणून अनेक स्वयंपाकघरांतील ओट्यावर एक लाकडी पेला दिसतो. विजयसार, म्हणजे मराठीतील बिबळा आणि इकडचा बीजा, या झाडाच्या लाकडाचा तो पेला. रात्री त्यात पाणी भरावे आणि सकाळी तांबूस झालेले ते पाणी अनशापोटी घ्यावे, अशी रीत आहे.

या पेल्याची थट्टा करावी असे आम्हांस वाटत नाही. आयुर्वेदाने हा वृक्ष ‘असन’ या नावाने गौरविला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, नव्याने मधुमेह आढळलेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर विजयसाराने आटोक्यात आली. मात्र तेथे औषध मोजून दिले होते, रक्त वारंवार तपासले जात होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आपल्या पेल्यात रात्रभरात किती अंश उतरला, हे कोणती गृहिणी मोजणार?

किंबहुना, वनवासींकडून घेण्याजोगी खरी वस्तू आपण घेतलीच नाही, असे आमचे मत आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधिका केरिन ओ’डे यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. मधुमेह जडलेले दहा मूलनिवासी वस्ती सोडून सात आठवडे पूर्वजांच्या प्रदेशात राहिले. शिकार, मासे व कंदमुळे हेच त्यांचे अन्न, आणि तेही स्वतः हिंडून मिळवायचे. त्यांचे वजन सरासरी आठ किलो उतरले, आणि उपाशीपोटीची साखर सुमारे २०९ वरून ११९ वर आली. हे कोणत्याही मुळीचे कर्तृत्व नव्हते. मोजक्या आहाराचे आणि श्रमांचे होते.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या शेजारच्या झाबुआ-अलिराजपुरातील भिल्लांचे परंपरागत जीवन हेच सांगते : मक्याची किंवा ज्वारीची भाकर, डाळ, रानभाजी आणि दिवसभर डोंगर-शेतांतील पायपीट. केवळ मक्याने साखर उतरत नाही. त्यामागची पायपीट आणि ताटातील मर्यादा यांनी ती उतरते.

म्हणून वाचकांना आमची विनंती एवढीच : पेला खुशाल ठेवावा, पण डॉक्टरांपासून लपवू नये, गोळ्यांच्या जोडीला तो घेतल्यास साखर फार खाली जाण्याचाही संभव असतो. त्याच्या भरवशावर गोळ्या, विशेषतः इन्सुलिन, परस्पर बंद करणे तर प्राणावर बेतू शकते. आणि ते पाणी पिऊन झाल्यावर बैठकीत न टेकता पायांत वहाणा घालून घराबाहेर पडावे. वनवासींच्या औषधाचा हा भाग विकत मिळत नाही. तो ज्याचा त्यानेच करावा लागतो.