‘पिशवी काढली’ म्हणजे नेमकं काय काढलं?

गेल्या दिवाळीत माझी मावशी अंगणात घसरली. पडणं साधंच, पण मनगटाचं हाड मोडलं. वय अवघं ४६. एवढ्याशा पडण्याने हाड कसं मोडलं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "पाळी कधी थांबली?" मावशी म्हणाली, "आठ वर्षं झाली, पिशवी काढलीय." लगेच पुढचा प्रश्न आला, "नुसतं गर्भाशय काढलं, की अंडाशयंसुद्धा?" मावशीने माझ्याकडे पाहिलं. "काय की बाई, पिशवी काढली एवढंच म्हाइत."

घरी येऊन जुनी फाईल काढली. दोन्ही अंडाशयंही काढल्याचं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, पण इंग्रजीत. संमतीपत्राच्या तळाशी मावशीची सही होती, मराठीत.

ती सही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

‘पोट’, ‘कंबर’, ‘खालची जागा’ आणि ‘पिशवी’ या चार शब्दांत आपण सगळा कारभार उरकतो. आत मात्र बरंच काही आहे. कटीर म्हणजे हाडांची जणू परडीच. दोन बाजूंना नितंबाची हाडं, मागे त्रिकास्थी आणि तिच्या टोकाला माकडहाड. या परडीत पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि दोघांच्या मध्ये गर्भाशय. एरवी ते जेमतेम साडेसात सेंटीमीटर लांब, लहानशा पेरूएवढं. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अंडनलिका आणि बदामाएवढं एकेक अंडाशय. तळाशी स्नायूंची झोळी, या सगळ्यांना तोलून धरणारी. ती सैल पडली की अवयव खाली सरकतात. ‘अंग बाहेर येतं’ असं बायका कुजबुजत सांगतात, किंवा सांगतच नाहीत.

गर्भाशय आणि अंडाशय यांची कामं वेगळी आहेत. पाळी येते गर्भाशयातून. गर्भ वाढतो तोही तिथेच. अंडाशयांत बीज तयार होतं आणि इस्ट्रोजेनही. हे संप्रेरक हाडांची राखण करतं. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयांचं काम चालू राहतं. दोन्ही अंडाशयं काढली तर मात्र रजोनिवृत्ती एकदम येऊन ठेपते. काही आजारांत ती काढावी लागतात, हे मान्य. मावशीच्या बाबतीत गरज होती की नव्हती, हे मी ठरवू शकत नाही. माझं म्हणणं एवढंच, की तिला ते विचारता आलं नाही. ज्या अवयवाचं नावच माहीत नाही, तो राहिला की गेला हे बाई विचारणार तरी कशी?

कुणी म्हणेल, हा विषय विज्ञान शाखेचा. वाङ्मय मंडळाच्या अंकात कशाला? मला वाटतं, शब्दांचं खातं आपल्याकडेच आहे. गणिताचे प्राध्यापक असलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून हे विषय मराठीत उघडपणे मांडले. शंभर वर्षं होत आली, तरी आपण अजून ‘खालची जागा’च म्हणतो.

आपल्या बेळगावात तर घरात मराठी, दवाखान्यात कानडी आणि रिपोर्टवर इंग्रजी. पण गर्भाशय, अंडाशय हे शब्द कानडीतही चालतात. म्हणजे हे दोन शब्द पाठ असले तर दोन्हीकडे निभावतं.

म्हणून मंडळाला एक सुचवते. पुढचं भित्तिपत्रक या आकृतीचं करूया, नावं ठळक मराठीत. शेजारी तीन प्रश्न लिहूया : काय काढणार? काय ठेवणार? काढलं नाही तर दुसरा उपाय कोणता? मुलांनीही ते वाचावं. सही करायला आईबरोबर उद्या तेच जाणार आहेत.

मावशीला मी आकृती काढून दाखवली. बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं सगळं होतं होय माझ्यात?"