सेकंडहँड कन्व्हर्टिबल की मोठी एसयूव्ही? जळगाव-धुळ्यात काय परवडेल

वापरलेली ऑडी ए3 कॅब्रिओले आणि वापरलेली टोयोटा फॉर्च्युनर या दोन्ही गाड्या मोबाइलवरच्या जाहिरातींत बऱ्याचदा एकाच बजेटमध्ये दिसतात. ही ऑडी 2014 च्या अखेरीस भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत 45 लाखांच्या आसपास होती. आता ती त्याच्या निम्म्यात दिसली की मोह होणारच. पण ती बहुधा मुंबई-पुण्याकडून येणार आणि धावणार खान्देशात.

छत उघडणार कधी?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 अंशांवर जातो. त्या उन्हात छत उघडून बसणार कोण? पावसाळा तर सोडूनच द्या. उरतात थंडीचे दिवस, म्हणजे शेतात भरीत पार्ट्या रंगतात तेवढे. बटण दाबल्यावर 18 सेकंदांत छत मागे जाते, हे खरे. पण तेच कापडी छत बाकीचे महिने ऊन खाते आणि कडेचे रबर कडक होते.

त्याहून वाईट धूळ. छताच्या कडेने आलेले पाणी खाली सोडणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांत धूळ आणि निंबाचा पाला अडकला, की जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी सीटखालच्या वायरिंगपर्यंत पोहोचते. म्हणून सौदा करण्याआधी छत चार-पाच वेळा उघडा-मिटा, वरून पाइपने पाणी सोडा, आतली मॅट उचलून वास घ्या. विकणारा आढेवेढे घेत असेल तर तिथूनच परत फिरा.

मोटर किंवा हायड्रॉलिक पंप बिघडला तर गल्लीतला मेकॅनिक हात लावत नाही. धुळ्याहून नाशिक साधारण 160 किलोमीटर. तेवढे अंतर गाडी दुसऱ्या गाडीवर लादून न्यायची, याचाही खर्च धरा. शिवाय ही गाडी परदेशातून आयात झालेली. 15 वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क साध्या कारला 5 हजार, तर आयात कारला 40 हजार रुपये, असा 2022 पासूनचा नियम आहे.

मग डोळे झाकून एसयूव्ही?

तसेही नाही. फॉर्च्युनरमध्ये लग्नसराईत सात जण बसतात, गावोगावचे उंच गतिरोधक खाली घासत नाहीत, विकताना गिऱ्हाईकही मिळते. पण आपल्याकडे या गाड्या दौऱ्यांवर बेदम पळवलेल्या असतात. मीटरवरच्या आकड्यावर जाऊ नका. चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला इतिहास काढा.

‘दिल्ली पासिंग, एकदम स्वस्त’ या जाहिरातीचे कारणही समजून घ्या. 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्ली परिसरात कायम केली, तेव्हापासून तिथल्या जुन्या डिझेल गाड्या बाहेर खपवल्या जातात. तिथली एनओसी आणून इथे एमएच-18 किंवा एमएच-19 नंबर घेताना महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, आणि डिझेलचा दर पेट्रोलपेक्षा जास्त असतो. स्वस्ताईतला बराच भाग तिथेच जातो.

घरात एकच गाडी असेल तर आमचे मत एसयूव्हीला, तीही महाराष्ट्रातच नोंदलेली आणि पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असलेली. मोकळ्या हवेची हौस असेल, तर 2020 नंतरची सॉफ्ट-टॉप थार आधी चालवून पाहा. तिचे छत हाताने काढावे लागते, पण त्यात बिघडायला मोटर नाही.